व्हल्कन आणि त्याची डेव्हलपर टूल्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हल्कन हा ग्राफिक्स कार्डाशी (जीपीयूशी) बोलण्याचा एपीआय आहे, आणि ओपनजीएल हा त्याच कामाचा जुना एपीआय. ही प्रश्नोत्तरं सी प्लस प्लस येणाऱ्यांसाठी आहेत. शेडर म्हणजे काय, व्हर्टेक्स बफर म्हणजे काय, एवढं माहीत आहे असं गृहीत धरलंय. फंक्शनची आणि टूल्सची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

ओपनजीएल असताना व्हल्कन कशाला?

ओपनजीएलचा ड्रायव्हर तुमच्या वतीने बरंच काही करतो: मेमरी देतो, कोणतं काम आधी नि कोणतं नंतर ते ठरवतो, चुकीचे कॉल पकडतो आणि शेडर केव्हा कंपाइल करायचा तेही तोच बघतो. सोय होते, पण फ्रेम मध्येच का अडखळली हे शोधून काढणं जवळपास अशक्य होतं. क्रोनोस ग्रुपने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणलेल्या व्हल्कनने ही सगळी कामं प्रोग्रामरच्या गळ्यात टाकली. त्याचा पाया एएमडीच्या मॅंटल या आधीच्या एपीआयचा. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्ट थ्रीडी १२ आणि ॲपलचं मेटल याच वाटेने जातात.

म्हणूनच साधा त्रिकोण काढायला हजारेक ओळी लिहाव्या लागतात. त्यातल्या बहुतेक एकदाच लिहायच्या असतात, त्यामुळे त्यांचा बाऊ करू नका. खरी मेहनत सिंक्रोनायझेशनची, म्हणजे कोणतं काम कोणासाठी थांबेल ते सांगण्याची आहे, ते खाली येईलच. ओपनजीएलची शेवटची आवृत्ती ४.६, ती २०१७ ची. ते बंद पडलेलं नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये चार मॉडेल फिरवून दाखवायची असतील तर ओपनजीएलच घ्या.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का?

विंडोजवर इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स असेल तर सहाव्या पिढीचा प्रोसेसर किंवा त्यानंतरचा हवा. एनव्हिडियाची जीटीएक्स ६०० मालिकेपासूनची केप्लर कार्डं आणि एएमडीची जीसीएन कार्डं व्हल्कन चालवतात, फक्त जुन्या कार्डांवर नव्या आवृत्त्या मिळत नाहीत. अंदाज बांधत बसू नका. टर्मिनलमध्ये 'व्हल्कनइन्फो' ही कमांड 'समरी' पर्यायासह चालवा. कार्डाचं नाव, ड्रायव्हर आणि एपीआय आवृत्ती लगेच दिसते.

यादीत फक्त 'एलएलव्हीएमपाइप' (मेसाचा लाव्हापाइप ड्रायव्हर) दिसत असेल, तर खऱ्या कार्डाचा ड्रायव्हर सापडलेला नाही आणि सगळं काम सीपीयूवर चाललंय. शिकायला तेही चालतं, वेग मोजायला मात्र नाही. लिनक्सवर असं झालं तर आधी मेसाचं (लिनक्सवरच्या मुक्त स्रोत ग्राफिक्स ड्रायव्हरांचं) व्हल्कन ड्रायव्हर पॅकेज बसलंय का ते पाहा, आणि मग तुमचा युजर 'रेंडर' ग्रुपमध्ये आहे का ते.

दोन कार्डांच्या लॅपटॉपवर यादीतलं पहिलं कार्ड डोळे झाकून घेऊ नका. पहिलं कार्ड अनेकदा अंगभूत असतं. प्रत्येक डिव्हाइसचा प्रकार तपासा, वेगळं कार्ड असेल तर ते निवडा आणि निवडलेल्या कार्डाचं नाव लॉगमध्ये छापा. 'माझ्याकडे तर मोठं कार्ड आहे, तरी हळू चालतंय' या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा त्या एका ओळीत मिळतं.

काय काय इन्स्टॉल करायचं?

विंडोजवर लूनारजीचा व्हल्कन एसडीके घेतला की पुरतं. हेडर, लोडर (ड्रायव्हर शोधून प्रोग्रामला जोडणारा), व्हॅलिडेशन लेयर (चुकीचे कॉल पकडणारा मधला थर), शेडर कंपायलर आणि 'व्हीकेकॉन्फिग' (लेयरची सेटिंग बदलायचं टूल) हे सगळं त्यात येतं. उबुंटूवर हीच मंडळी वेगवेगळ्या पॅकेजमधून येतात: टूल्स, व्हॅलिडेशन लेयर, हेडर आणि मेसाचे ड्रायव्हर. विंडोसाठी जीएलएफडब्ल्यू किंवा एसडीएल, गणितासाठी जीएलएम. फ्रेम पकडून तपासायचं टूल, रेंडरडॉक, वेगळं उतरवावं लागतं. ते मुक्त स्रोत आहे, पैसे लागत नाहीत.

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी 'व्हीकेक्यूब' चालवा. फिरणारा ठोकळा दिसला की ड्रायव्हर आणि लोडर ठीक आहेत. पुढे काही बिघडलं तर चूक तुमच्या कोडमध्ये आहे एवढं तरी नक्की होतं.

इन्स्टन्सच बनत नाही, नुसता उणे आकडा येतो. तो कसा वाचायचा?

इन्स्टन्स (प्रोग्रामची व्हल्कनशी जोडणी) आणि डिव्हाइस (निवडलेल्या कार्डाशी जोडणी) बनवताना हे चार आकडे वारंवार भेटतात:

- उणे ६: मागितलेला लेयर सापडला नाही. एसडीके बसलेला नाही, किंवा लेयरच्या नावात टायपिंगची चूक आहे.
- उणे ७: एक्स्टेन्शन उपलब्ध नाही. डिव्हाइसचं एक्स्टेन्शन इन्स्टन्सच्या यादीत घातल्यावरही हाच येतो. स्वॅपचेन (पडद्यावर दाखवायच्या इमेजांचा संच) हे डिव्हाइसचं, सरफेस (खिडकीशी जोडणी) हे इन्स्टन्सचं.
- उणे ८: मागितलेलं फीचर कार्डाकडे नाही.
- उणे ९: सुसंगत ड्रायव्हर नाही.

उणे ९ आला आणि कार्ड तर चांगलं आहे, अशा वेळी लोडरलाच बोलतं करा. 'व्हीके लोडर डीबग' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून, 'ऑल' करा आणि प्रोग्राम टर्मिनलमधून चालवा. कोणत्या फोल्डरात कोणती ड्रायव्हर फाइल शोधली आणि कुठे अडलं, हे लोडर ओळीने सांगतो. गेम ओव्हरले आणि स्क्रीन रेकॉर्डर आपापले लेयर गुपचूप घुसवतात. तेही याच यादीत सापडतात. विचित्र क्रॅश होत असेल तर आधी ते बंद करून बघा.

तोच कोड मॅकवर उणे ९ देतो. का?

ॲपल स्वतः व्हल्कन देत नाही. मॅकवर सहसा मोल्टनव्हीके मध्ये बसून व्हल्कनचे कॉल मेटलमध्ये उतरवतं. ते व्हल्कन पूर्णपणे पाळत नसल्यामुळे एसडीके १.३.२१६ पासून लोडर अशा ड्रायव्हरला मागितल्याशिवाय दाखवत नाही. तीन गोष्टी करा. इन्स्टन्सच्या यादीत 'पोर्टेबिलिटी एन्युमरेशन' एक्स्टेन्शन घाला, इन्स्टन्सच्या फ्लॅगमध्ये त्याचाच बिट लावा आणि डिव्हाइस बनवताना 'पोर्टेबिलिटी सबसेट' चालू करा. दुसरी गोष्ट हमखास राहते.

व्हॅलिडेशन लेयर खरंच चालू आहे हे कसं कळेल?

मुद्दाम एक चूक करा. एखादा बफर नष्ट न करता प्रोग्राम बंद करा. डिव्हाइस नष्ट करताना तक्रार आली तर लेयर जागा आहे. गप्प राहिला तर लेयरचे संदेश घेणारा कॉलबॅक जोडलेला नाही किंवा लेयर लोडच झालेला नाही.

हा सोपस्कार वाटेल, पण व्हल्कनचा ड्रायव्हर चुका तपासत नाही. चुकीचा कॉल गेला तर तो काहीही करू शकतो, आणि त्या 'काहीही'मध्ये 'अगदी बरोबर चित्र दिसणं' हेसुद्धा येतं. पडद्यावर ठीक दिसतंय हा पुरावा इथे चालत नाही. व्हॅलिडेशनशिवाय व्हल्कन शिकू नका.

व्हॅलिडेशनचा एकेक संदेश दहा ओळींचा असतो. त्यातलं काय वाचायचं?

फक्त पहिला संदेश वाचा. बाकीचे बहुतेक त्याचीच पिल्लं असतात. प्रत्येक संदेशात 'व्हीयूआयडी'ने सुरू होणारी एक खूण असते. ती जशीच्या तशी व्हल्कनच्या स्पेसिफिकेशनमध्ये शोधा, कोणता नियम मोडला ते त्याच ओळीत मिळतं.

कॉलबॅकमध्ये एररच्या वेळी ब्रेकपॉइंट ठेवा, म्हणजे कॉल स्टॅकवरून तुमच्या कोडमधली नेमकी ओळ सापडते. आणि प्रत्येक बफर, इमेज, पाइपलाइनला डीबग युटिल्स वापरून नाव द्या. नाव नसेल तर संदेशात नुसता लांबलचक हेक्स आकडा येतो. दिलं असेल तर 'सावलीची डेप्थ इमेज' असं सरळ दिसतं. तीच नावं रेंडरडॉकमध्येही दिसतात.

सिंक्रोनायझेशनची तपासणी मुळात बंद असते, ती व्हीकेकॉन्फिगमधून चालू करावी लागते. जीपीयू-असिस्टेड तपासणीचंही (शेडर चालतानाच्या चुका पकडणारी) तसंच. दोन्ही एकदम चालू केल्या तर प्रोग्राम रांगायला लागतो. एका वेळी एकच घ्या.

एकही एरर नाही, पण पडदा काळा. कुठून सुरू करू?

रेंडरडॉकमधून. 'लाँच ॲप्लिकेशन'मध्ये प्रोग्रामचा पाथ द्या आणि वर्किंग डिरेक्टरीही भरा. ती चुकली तर शेडरच्या फाइल सापडत नाहीत आणि प्रोग्राम उघडताच बंद होतो. खिडकी आली की एफ-१२ दाबा आणि पकडलेली फ्रेम उघडा.

डावीकडच्या यादीत तुमचा ड्रॉ कॉल शोधा. तो यादीतच नसेल तर कमांड बफरमध्ये रेकॉर्ड झालेला नाही, शेडर चाळत बसू नका. असेल तर त्यावर क्लिक करून मेश व्ह्यूअर उघडा. आत जाणारे व्हर्टेक्स एका तक्त्यात असतात, शेडरमधून बाहेर पडणारे दुसऱ्यात. आतलेच आकडे कचरा असतील तर बफर भरताना किंवा व्हर्टेक्स फॉरमॅट सांगताना चूक आहे. आतले बरोबर पण बाहेरचे सगळे शून्य असतील तर मॅट्रिक्स पोचलेला नाही. बाहेरचा डब्ल्यू उणे असेल तर वस्तू कॅमेऱ्याच्या मागे आहे.

बाहेरचे आकडेही बरोबर असतील तर टेक्स्चर व्ह्यूअरमध्ये ओव्हरले बदलत जा. 'हायलाइट ड्रॉकॉल'ने आकार दिसतो का? 'बॅकफेस कल'मध्ये (पाठमोरे त्रिकोण गाळणं, म्हणजे कलिंग) लाल झाला तर त्रिकोणाची फिरण्याची दिशा उलटी आहे. 'डेप्थ टेस्ट'मध्ये लाल झाला तर डेप्थ बफर १.० ऐवजी ०.० ने साफ होतोय का ते पाहा. हे सगळं पाच मिनिटांत उरकतं. कोडकडे टक लावून बसलात तर संध्याकाळ होते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. रेंडरडॉक एका प्रेझेंटपासून (तयार इमेज पडद्यावर पाठवणं) पुढच्या प्रेझेंटपर्यंतचं पकडतं. खिडकीच नसलेला कॉम्प्यूट प्रोग्राम एफ-१२ ने पकडता येत नाही. त्यासाठी रेंडरडॉकचा छोटा एपीआय कोडमधून बोलवावा लागतो.

चित्र उलटं का येतं?

व्हल्कनमध्ये वायचा अक्ष खाली जातो, ओपनजीएलमध्ये वर. डेप्थची मर्यादाही ० ते १ आहे, उणे १ ते १ नाही. प्रोजेक्शन मॅट्रिक्समधल्या वायच्या गुणकाचं चिन्ह उलटवा, किंवा व्ह्यूपोर्टची उंची ऋण द्या आणि त्याचा वाय खालच्या कडेला ठेवा. ऋण उंची १.१ पासून मूळ व्हल्कनमध्येच आहे. जीएलएमला डेप्थ शून्य ते एक हवी हे मॅक्रोने वेगळं सांगावं लागतं. मॅट्रिक्समध्ये वाय उलटवलात तर त्रिकोणांची दिशाही उलटते, म्हणून लगेच कलिंगचं सेटिंग बघा.

युनिफॉर्म बफरमधले पहिले आकडे बरोबर येतात, पुढचे चुकतात. असं का?

एसटीडी १४० चा लेआउट, म्हणजे शेडर युनिफॉर्म बफर ज्या मांडणीने वाचतो ती. स्ट्रक्टमध्ये आधी दिव्याची जागा, मग दिव्याचा रंग, असे लागोपाठ दोन व्हेक-३ आहेत आणि शेवटी तीव्रतेचा एक फ्लोट आहे असं समजा. सी प्लस प्लसमध्ये हे तिघं ०, १२ आणि २४ बाइटवर बसतात. शेडर मात्र ०, १६ आणि २८ वर वाचतो, कारण तिथे व्हेक-३ ला १६ बाइटची सीमा लागते. त्यामुळे जागा बरोबर येते, रंग एक घटक सरकतो आणि तीव्रता भलतीच येते. सी प्लस प्लसकडे १६ ची अलाइनमेंट लिहा, किंवा सगळीकडे व्हेक-४ वापरून विषय संपवा. चार फ्लोटांचा ॲरे याच लेआउटमध्ये १६ नव्हे तर ६४ बाइट खातो. मॅट-३ ३६ ऐवजी ४८.

छोट्या डेटासाठी पुश कॉन्स्टंट सुटसुटीत. १२८ बाइट प्रत्येक कार्डावर मिळतातच, १.४ मध्ये ही हमी २५६ वर गेली.

फेन्स, सेमाफोर आणि बॅरिअर यांत नेहमी गोंधळ होतो. कुठे काय वापरायचं?

कोण कोणासाठी थांबतंय ते बघा. सीपीयूला जीपीयूसाठी थांबायचं असेल तर फेन्स. एका सबमिटला दुसऱ्या सबमिटसाठी किंवा स्वॅपचेनसाठी थांबायचं असेल तर सेमाफोर. एकाच रांगेतल्या दोन कामांमध्ये क्रम हवा असेल तर बॅरिअर. कमांड ज्या क्रमाने रेकॉर्ड केल्या त्याच क्रमाने सुरू होतात, पण त्याच क्रमाने संपतील असं अजिबात नाही. बॅरिअर लागतो तो याचसाठी.

बॅरिअरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. स्टेज सांगतं कोणी थांबायचं. ॲक्सेस सांगतं कोणाच्या कॅशमधला डेटा कोणाला दिसला पाहिजे. नुसता स्टेज लिहून ॲक्सेस शून्य ठेवला तर काम थांबतं, पण वाचणाऱ्याला जुनाच डेटा दिसू शकतो.

कॉम्प्यूट शेडरने कणांच्या जागा मोजल्या आणि तोच बफर व्हर्टेक्स बफर म्हणून वापरायचा आहे, असं उदाहरण घ्या. आधीची बाजू: स्टेज कॉम्प्यूट शेडर, ॲक्सेस शेडर राइट. नंतरची बाजू: स्टेज व्हर्टेक्स इनपुट, ॲक्सेस व्हर्टेक्स ॲट्रिब्यूट रीड. इथे बरेच जण नंतरच्या बाजूला 'व्हर्टेक्स शेडर' लिहितात. पण ॲट्रिब्यूट शेडर चालण्याआधीच, व्हर्टेक्स इनपुटच्या टप्प्यावर वाचले जातात, म्हणजे बॅरिअर उशिरा लागतो. एका कार्डावर हे कधीच उघडं पडत नाही, दुसऱ्यावर कण थरथरतात.

अडचण आली की 'ऑल कमांड्स' आणि 'मेमरी रीड, मेमरी राइट' असा ठोकळेबाज बॅरिअर टाकून बघा. बग गेला तर चूक सिंक्रोनायझेशनची होती. मग नेमका बॅरिअर लिहा, तो तसाच सोडून देऊ नका. १.३ मध्ये आलेलं सिंक्रोनायझेशन-२ वापरा. स्टेज आणि ॲक्सेस शेजारी लिहायचे असल्याने चूक डोळ्यांना दिसते.

प्रोग्राम पहिल्याच फ्रेमला गोठतो, नाहीतर खिडकीचा आकार बदलला की.

पहिल्या फ्रेमला गोठत असेल तर फेन्स 'सिग्नल्ड' स्थितीत बनवलेला नाही. आधीची फ्रेमच नाही, मग फेन्सला सिग्नल कोण करणार?

आकार बदलताना गोठत असेल तर फेन्स रिसेट करण्याची जागा बघा. नेहमीची चूक अशी: फेन्ससाठी थांबलो, लगेच रिसेट केला, इमेज मागितली, उणे १०००००१००४ म्हणजे 'स्वॅपचेन कालबाह्य' आलं, आणि स्वॅपचेन नवा करून फंक्शनमधून परतलो. सबमिट झालंच नाही, म्हणून फेन्स पुन्हा सिग्नल होत नाही आणि पुढची फ्रेम कायमची अडकते. इमेज यशस्वीपणे मिळाल्यावरच रिसेट करा. विंडोजवर खिडकी मिनिमाइज केली की आकार ० गुणिले ० येतो; त्या आकाराचा स्वॅपचेन बनत नाही, तोवर वाट पाहा.

आणखी एक. प्रेझेंट ज्याची वाट पाहतं तो सेमाफोर फ्रेममागे एक नव्हे, तर स्वॅपचेनच्या इमेजमागे एक असा ठेवा. प्रेझेंट पूर्ण झालं हे फ्रेमच्या फेन्सवरून कळत नाही. जुन्या ट्यूटोरियलमध्ये फ्रेममागे एक असा कोड सर्रास दिसतो. नवीन व्हॅलिडेशन त्यावर तक्रार करतं आणि ती तक्रार रास्त आहे.

माझ्या कार्डावर बरोबर, मित्राच्या कार्डावर कचरा. दोष कोणाचा?

ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी या जागा तपासा. इमेज 'अनडिफाइन्ड' लेआउटमधून बदलली तर आतला मजकूर टिकेल याची हमी नसते. काही कार्डांवर तो योगायोगाने टिकतो. मॅप केलेली मेमरी 'कोहेरंट' नसेल तर लिहून झाल्यावर फ्लश करावी लागते. डायनॅमिक ऑफसेट कार्डाने सांगितलेल्या अलाइनमेंटच्या पटीत हवा; काही कार्डांवर ती २५६ बाइट असते, तुमच्यावर ६४ असेल. आणि प्रेझेंट मोड, म्हणजे इमेज पडद्यावर कशा पाठवायच्या ती पद्धत: सगळीकडे हमखास मिळतो तो फक्त फिफो. मेलबॉक्स आहे असं धरून चालू नका.

'डिव्हाइस लॉस्ट' म्हणजे कार्ड गेलं का?

नाही. उणे ४ म्हणजे जीपीयूवरचं काम अडकलं किंवा चुकलं आणि ड्रायव्हरने डिव्हाइस टाकून दिलं. विंडोज साधारण २ सेकंद वाट बघून ग्राफिक्स ड्रायव्हर रिसेट करतं. शेडरमधला न संपणारा लूप, मर्यादेबाहेरचा डिस्क्रिप्टर (शेडरला बफर किंवा इमेज दाखवणारी नोंद) इंडेक्स, किंवा जीपीयू वापरत असतानाच नष्ट केलेला बफर, ही नेहमीची कारणं.

एरर येते ती जागा बहुधा दोषी नसते. आधी पाठवलेलं काम नंतर कोसळतं. म्हणून प्रत्येक पास (चित्र काढण्याचा एकेक टप्पा) वेगळा सबमिट करा, प्रत्येकानंतर डिव्हाइस रिकामं होईपर्यंत थांबा. कोणत्या पासनंतर मरतंय ते कळेल. मग त्या पासवर जीपीयू-असिस्टेड तपासणी लावा. त्यानेही हाती काही लागलं नाही तर एनव्हिडियावर आफ्टरमॅथ आणि एएमडीवर रेडिऑन जीपीयू डिटेक्टिव्ह क्रॅशच्या क्षणाची नोंद देतात.

प्रत्येक बफरला वेगळी मेमरी घेतली तर काय बिघडतं?

एका वेळी किती अलोकेशन चालू असू शकतात याला मर्यादा आहे, आणि स्पेसिफिकेशनची हमी फक्त ४०९६ ची आहे. मोठ्या दृश्यात ती संपते. मोठे तुकडे घेऊन त्यातून वाटप करा, म्हणजेच एएमडीची मुक्त स्रोत व्हीएमए लायब्ररी वापरा. स्वतःचा अलोकेटर लिहिण्याची हौस शिकण्यापुरती ठीक आहे.

शेडर कंपाइल झाला, तरी पाइपलाइन बनत नाही. आणि खेळताना मध्येच झटका बसतो.

पाइपलाइनला सोर्स कोड चालत नाही, स्पिअर-व्ही बायनरी लागते. फाइल टेक्स्ट मोडमध्ये वाचली तर विंडोजवर बाइट बदलतात. बायनरी मोडच हवा. पहिला शब्द हेक्समध्ये ०७२३०२०३ आहे का बघा. नंतर बायनरी तपासणारं 'स्पिअर-व्ही व्हॅल' चालवा.

झटक्याचं कारण सहसा खेळ चालू असताना बनणारी पाइपलाइन. ती लोडिंगच्या वेळी, वेगळ्या थ्रेडवर बनवा. पाइपलाइन कॅश डिस्कवर ठेवा, आणि तो परत वाचताना हेडरमधला व्हेंडर, डिव्हाइस आणि यूयूआयडी जुळवा. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर जुना कॅश निरुपयोगी होऊ शकतो.

वेग कसा मोजायचा?

व्हॅलिडेशन बंद करून, रिलीज बिल्डवर. सीपीयूच्या घड्याळाने ड्रॉ कॉल मोजलात तर रेकॉर्डिंगचा वेळ कळतो, जीपीयूचा नाही. टाइमस्टॅम्प क्वेरी वापरा, मिळालेला फरक कार्डाच्या 'टाइमस्टॅम्प पीरियड'ने गुणा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. जीपीयू नेमका कुठे अडतोय हे बघायला एनव्हिडियाचं एनसाइट ग्राफिक्स किंवा एएमडीचं रेडिऑन जीपीयू प्रोफायलर घ्या. रेंडरडॉकमधले वेळेचे आकडे या कामासाठी धरू नका, ते डीबगर आहे.

नव्याने शिकतोय. कोणती आवृत्ती धरू, की सरळ वेबजीपीयू घेऊ?

डेस्कटॉपसाठी १.३. त्यातल्या डायनॅमिक रेंडरिंगमुळे रेंडर पास आणि फ्रेमबफरच्या वस्तू आधीच बनवून ठेवायचं झंझट जातं. ते मूळ आवृत्तीत असलं तरी डिव्हाइस बनवताना फीचर म्हणून चालू करावंच लागतं. ब्राउझरमध्ये काम दाखवायचं असेल तर वेबजीपीयू; क्रोममध्ये ते २०२३ च्या ११३ व्या आवृत्तीपासून आहे आणि बॅरिअर तिथे तुम्हाला लिहावे लागत नाहीत. फक्त आयफोन आणि मॅक असतील तर मेटलच घ्या, मोल्टनव्हीकेचा वळसा नको.

अँड्रॉइडवर व्हॅलिडेशन कसं लावायचं?

व्हल्कन अँड्रॉइड ७ पासून आहे, पण फोनवर लेयर आधीपासून नसतो. लेयरची एसओ फाइल डीबग बिल्डच्या जेएनआय लिब्स फोल्डरमध्ये, फोनच्या आर्किटेक्चरच्या उपफोल्डरात ठेवा, बहुतेक फोनसाठी ६४-बिट आर्म. अँड्रॉइड ९ पासून एडीबीच्या ग्लोबल सेटिंगमधूनही लेयर चालू करता येतो, कोड बदलावा लागत नाही. संदेश लॉगकॅटमध्ये पडतात. काम झालं की ते सेटिंग काढून टाका, नाहीतर पुढच्या आठवड्यात ॲप अचानक हळू का झालं म्हणून शोधत बसाल.